सात महिने बेपत्ता: रॉलीच्या झेब्रा नागाचं प्रकरण

28 जून 2021, सोमवार, संध्याकाळची वेळ. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याची राजधानी रॉली. शहराच्या वायव्येला सँडरिंगहॅम ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना घरं, घरांपुढे हिरवळ, मागे झाडी. तिथल्या एका घराच्या ओसरीवर काळे-पांढरे पट्टे असलेला साप दिसला आणि पोलिसांना फोन गेला. या भागात साप दिसणं नवलाचं नाही. कॉपरहेड हा तिथला नेहमीचा विषारी साप, आणि राज्यातले बहुतेक सर्पदंश त्याचेच. पण हा साप तिथला नव्हताच. तो होता झेब्रा नाग, आफ्रिकेतल्या नामिबियाचा आणि दक्षिण अंगोलाचा रहिवासी, विषाची पिचकारी मारणारा.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी रहिवाशांना सावध केलं. साप दिसला तर जवळ जाऊ नका, लगेच फोन करा. 30 जूनला तो त्याच परिसरात पुन्हा एका ओसरीवर दिसला आणि पकडला गेला. कुणाला चावला नाही, कुणाच्या डोळ्यांत विष गेलं नाही. बातम्यांपुरतं प्रकरण तीन दिवसांत आटोपलं.

मला या तीन दिवसांपेक्षा त्याआधीच्या सात महिन्यांबद्दल लिहायचं आहे. हा नाग त्या सोमवारी निसटलेला नव्हता. तो नोव्हेंबर 2020 पासून बाहेर होता. ज्याच्या घरातून तो गेला त्या तरुणाला हे ठाऊक होतं आणि त्याने पोलिसांना कळवलं नव्हतं.

रॉली, केरी, मॉरिसव्हिल या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत. नोकरीच्या निमित्ताने गेलेली, तिथेच रुळलेली. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील संध्याकाळी नातवंडांना घेऊन अशाच रस्त्यांवरून फिरायला निघतात. साप दिसला तर लांब उभं राहायचं, हे गावाकडून आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण चार-पाच हातांवर थांबलं म्हणजे आपण सुरक्षित, हा आपला हिशेब आपल्या नागाला लागू पडतो. झेब्रा नाग अडीच-तीन मीटरवरूनही विष फेकू शकतो आणि नेम धरतो चेहऱ्याकडे. डोळ्यांत विष गेलं तर ताबडतोब भरपूर पाण्याने डोळे धुवावे लागतात. उशीर झाला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. चावला तर आपल्या नागासारखा श्वास बंद पाडण्यापेक्षा मांस कुजवण्याचं काम त्याचं विष अधिक करतं. चाव्याभोवतीची कातडी काळी पडते, सडते, पुढे शस्त्रक्रिया करावी लागते. नामिबियात या सापाचे दंश नेहमीचे आहेत, आणि त्यातले पुष्कळ रात्री घरात झोपलेल्या माणसांना झालेले असतात. दक्षिण आफ्रिकेत तयार होणारं बहुगुणी प्रतिविष या जातीच्या विषावर नीट लागू पडत नाही. म्हणजे सापाच्या स्वतःच्या मुलखातसुद्धा डॉक्टरांच्या हातात खात्रीचं औषध नाही. तो साप रॉलीतल्या एका घरात होता आणि नंतर घराबाहेर होता.

सापाचा मालक तेव्हा विशीतला. आई-वडिलांच्या घरात राहणारा, तळघरात डझनावारी साप, त्यातले बरेच विषारी. टिकटॉकवर त्याला चार लाखांहून अधिक लोक पाहत होते. त्याला खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. सापांचं वेड म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला अशी मुलं ओळखीची वाटतील. आपल्याकडे सांगली-साताऱ्यापासून नागपूरपर्यंत गावोगाव ती आहेत. अभ्यास खरा असतो, धाडस खरं असतं, सापाबद्दलचा जीवही खरा असतो. या प्रकरणात प्रेमाची वाण नव्हती. एवढं प्रेम असूनही जे घडलं ते कसं घडलं, हे पाहायला हवं.

मार्च 2021 मध्ये याच तरुणाला त्याच्याकडच्या हिरव्या मांबाने, आफ्रिकेतल्या जहाल विषारी सापाने, चावा घेतला. मांबाचं विष मज्जातंतूंवर जातं, वेळेत प्रतिविष मिळालं नाही तर श्वास थांबतो. आता कॅरोलायनातल्या रुग्णालयाच्या कपाटात मांबाचं प्रतिविष असायचं कारण काय? तिथे कॉपरहेड आणि रॅटलस्नेकवरचं असतं. मांबाचं प्रतिविष शेजारच्या साउथ कॅरोलायनातून, कोलंबिया शहरातल्या रिव्हरबँक्स प्राणीसंग्रहालयातून आलं. तो तरुण वाचला.

या एका वाक्यात किती माणसांचे श्रम आणि किती उसनवारी आहे ते पाहा. अमेरिकेत परदेशी सापांवरची प्रतिविषं बहुतांशी प्राणीसंग्रहालयांकडे असतात. कुणाकडे काय साठा आहे याची एक सामाईक सूची प्राणीसंग्रहालयं आणि विषबाधा केंद्रं मिळून ठेवतात. पण तो साठा मुळात संग्रहालयातल्या सर्परक्षकांसाठी असतो. ते रोज त्या पिंजऱ्यांत हात घालतात. बाहेरच्या माणसासाठी कुप्या निघाल्या की नवा साठा परदेशातून येईपर्यंत त्या रक्षकांच्या पाठीशी तेवढं कमी संरक्षण राहतं. या कुप्या महाग असतात, मुदत संपली की बदलाव्या लागतात आणि मागवायच्या तर परवाने काढावे लागतात. घरी मांबा पाळणारा माणूस म्हणतो, ‘धोका माझा, चावला तर मला चावेल.’ चावल्यावर मात्र तो धोका दुसऱ्या राज्यातल्या, त्याचं नावही न ऐकलेल्या एका रक्षकाच्या अंगावर जाऊन पडतो. घरी विषारी साप पाळणं ही खाजगी बाब आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं मुख्य भांडण इथे आहे.

आता तारखा जुळवून पाहा. मांबा चावला मार्चमध्ये, झेब्रा नाग निसटला त्याआधीच्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे रुग्णालयात प्रतिविषाची धावपळ चालू होती तेव्हा नाग चार महिन्यांपासून बाहेर होता. हा दंश लपून राहण्यासारखा नव्हता. रुग्णालयाला माहीत, प्राणीसंग्रहालयाला माहीत. एका घरात आफ्रिकेतले प्राणघातक साप आहेत हे जबाबदार माणसांना कळलं होतं. पण त्या घरी जाऊन ‘साप किती आहेत, मोजून दाखवा’ असं विचारणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं, कारण नॉर्थ कॅरोलायनात विषारी साप पाळायला परवानाच लागत नाही. परवाना नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंदच नसेल तर एक साप कमी आहे हे कळणार कुणाला? ते फक्त मालकाला ठाऊक असतं.

परवाना नसला तरी त्या राज्यात कायदा आहे आणि वाचायला तो चांगला कडक आहे. विषारी साप अशा पेटीत ठेवायचा की ती भक्कम असेल, तिच्यातून साप निसटू शकणार नाही, बाहेरून कुणाला चावू शकणार नाही आणि तिला चालू कुलूप असेल. पेटीवर ठळक पट्टी हवी: आत विषारी सरपटणारा प्राणी आहे, त्याचं शास्त्रीय नाव, बोलीतलं नाव, त्यावरचं प्रतिविष, मालकाची ओळख. पेटीजवळ दिसेल असा दंशानंतरच्या उपायांचा लेखी कागद हवा, त्यावर प्रतिविष कुठे मिळेल तेही लिहिलेलं हवं. आणि साप निसटला तर मालकाने स्थानिक पोलिसांना तत्काळ कळवायचं. अजगरांच्या मोठ्या जाती, हिरवा अ‍ॅनाकोंडा आणि मगरींनाही याच कलमांत जागा आहे.

ही कलमं लिहिणाऱ्याला साप पाळण्यातलं बारीकसारीक कळत होतं, यात शंका नाही. पेटीवर शास्त्रीय नाव का? कारण ‘कोब्रा चावला’ एवढं सांगून डॉक्टरला काही कळत नाही. कोब्रा तीसहून अधिक प्रकारचे आहेत, त्यांचं विष वेगळं आणि उताराही वेगळा. मालक बेशुद्ध पडला तर ती पट्टीच बोलते. पण हा सगळा कायदा मालकाने स्वतःहून पाळायचा. तळघरात उतरून कुलूप ओढून बघणारा कुणी माणूस त्यात नाही. साप बाहेर दिसला की मग पोलीस आत जातात आणि मोजणी होते. रॉलीतही तसंच झालं. 7 जुलै 2021 च्या सुमारास त्या तरुणावर 40 किरकोळ गुन्ह्यांचे आरोप ठेवले गेले. त्यातले 36 अयोग्य पेटीत विषारी साप ठेवल्याचे, तीन चुकीच्या पट्ट्यांचे आणि एक साप निसटल्याचं न कळवल्याचा. ऑगस्टमध्ये त्याने शेवटचा आरोप मान्य केला आणि बाकीचे मागे घेतले गेले. वर्षभराची देखरेखीची मुदत आणि शोधमोहिमेच्या खर्चापोटी सुमारे 13 हजार डॉलरची भरपाई, एवढ्यावर प्रकरण मिटलं.

शिक्षा कमी झाली का, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. मला तो प्रश्न तेवढा महत्त्वाचा वाटत नाही. मी स्वतःला त्या नोव्हेंबरमधल्या घरात ठेवून पाहतो. पेटी रिकामी आहे. घरभर शोधलं, सापडला नाही. फोन केला तर पोलीस येणार, बाकीच्या पेट्या बघणार, सगळे साप जाणार, छंद संपणार, लाखो लोकांपुढे नाचक्की होणार. नाही केला तर कदाचित साप थंडीत मरेल आणि कुणाला काही कळणार नाही. विशीतला मुलगा काय करेल? कळवणाऱ्यालाही शिक्षा आणि लपवणाऱ्यालाही शिक्षा, आणि लपवलं तर सुटण्याची आशा असेल, तर बहुतेक जण लपवतील. परवाना आणि वार्षिक तपासणी असती तर लपवणं मुळातच कठीण झालं असतं. पहिल्या चोवीस तासांत कळवणाऱ्याचे बाकीचे साप केवळ त्या कारणावरून जाणार नाहीत, अशी हमी कायद्यात असती तर फोन उचलायला थोडं बळ आलं असतं. निसटलेल्या सापाच्या शोधात पहिला दिवस सोन्याचा असतो. साप घरातच, भिंतीलगत, उबेच्या जागी, कपाटामागे असण्याची शक्यता तेव्हा सर्वांत जास्त असते.

2013 साली कॅनडातल्या कॅम्पबेल्टन गावात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दुकानाच्या वर एक घर होतं. त्या घरात पाळलेला आफ्रिकन अजगर हवा खेळण्याच्या नळीतून निघाला आणि दुसऱ्या खोलीत झोपलेल्या दोन लहान भावांवर पडला. चार आणि सहा वर्षांची ती मुलं दगावली. ती तिथे मित्राकडे रात्रीच्या मुक्कामाला आली होती. खटल्यात मालक निर्दोष सुटला. ही घटना वाचल्यापासून ‘माझी पेटी पक्की आहे’ हे वाक्य मला ऐकवत नाही. डोकं मावेल एवढी फट सापाला पुरते, आणि ती शोधायला त्याच्याकडे रात्रभर वेळ असतो.

आता सापाबद्दल. या सगळ्या चर्चेत तो मागे पडतो, आणि मला ते खटकतं.

झेब्रा नाग हा कोरड्या, खडकाळ मुलखातला रात्रीचा शिकारी. दिवसा दगडांच्या फटीत, वारुळात, बिळात पडून राहायचं आणि अंधार पडला की उंदीर, सरडे, बेडूक शोधत फिरायचं. तापलेल्या खडकावर यायचं, पुन्हा सावलीला जायचं, अशी त्याच्या अंगातल्या उबेची सोय असते. सापाला शरीराची ऊब आतून निर्माण करता येत नाही. तो जागा बदलून ती मिळवतो आणि सोडतो. त्याला जागा बदलू न देणं म्हणजे काय, याचा विचार करा. हौशी लोकांच्या घरी बहुतेक साप प्लास्टिकच्या टबात असतात, आणि ते टब कपाटाच्या खणांसारखे एकावर एक रचलेले असतात. सांभाळायला सोयीचे, धुवायला सोपे, जागा कमी. पण बऱ्याच टबांत साप पूर्ण लांबीने सरळही होऊ शकत नाही. उष्णतेची पट्टी एका बाजूला, तीही बिघडली तर पोटाची कातडी भाजते. ओल जास्त झाली तर खवल्यांवर फोड येतात, कमी झाली तर कात तुकड्या-तुकड्याने निघते आणि डोळ्यांवरची कात तशीच राहते. तोंड सुजतं, आत पू होतो. कुत्रा कण्हतो, मांजर ओरडतं. साप काहीच करत नाही. तो फक्त खाणं सोडतो, आणि नवशिक्याला वाटतं की सापच तो, महिनाभर नाही खाल्लं तरी चालतं.

आणि कॅमेरा. फणा काढून उभा राहिलेला नाग आपल्याला राजबिंडा वाटतो, देवघरातल्या चित्रासारखा. पण फणा म्हणजे भीती. ‘पुढे येऊ नकोस’ हे सांगायची त्याची ती एकमेव भाषा आहे, आणि विष थुंकणं त्याच्या पुढची पायरी. चित्रफितीसाठी त्याला हुकने बाहेर काढायचं, फणा काढेपर्यंत हात हलवायचा, लाखभर लोकांनी ती भीती पाहून हृदयाचं चिन्ह दाबायचं. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. हे रॉलीपुरतं नाही. नागाच्या फण्याचं चुंबन घेणारी, गळ्यात धामण घालून नाचणारी मुलं आपल्याकडच्या मोबाइलवर रोज दिसतात. त्यातली काही आज हयात नाहीत.

रॉलीच्या नागाने तो हिवाळा काढला हे मला आजही थक्क करतं. जानेवारीत तिथे रात्री तापमान शून्याखाली जातं. नामिबियाच्या सापाला उघड्यावर ते झेपणार नाही. तो जगला याचा अर्थ त्याला ऊब मिळाली होती, आणि वस्तीत हिवाळ्यात ऊब असते ती घरांपाशी. त्या राज्यात जमिनीपासून थोड्या उंचीवर बांधलेली घरं पुष्कळ असतात, त्यांच्या तळाशी सरपटत जाण्यापुरती रिकामी जागा असते आणि तिथून गरम हवेच्या नळ्या जातात. अशा ठिकाणी तो असेल तर लोक महिनोन्‌महिने त्याच्या डोक्यावर जेवत-झोपत होते. त्याला कुणाशी वैर नव्हतं, तो जगायला जागा शोधत होता.

अशा बातमीचा आणखी एक बळी असतो, तो म्हणजे तिथले साधे साप. ‘कोब्रा सुटलाय’ म्हटल्यावर परसातल्या बिनविषारी रॅटस्नेककडे पाहण्याची लोकांची नजरच बदलते. आपल्याकडे मण्यार समजून किती कवड्या आणि घोणस समजून किती डुरक्या मारले जातात ते आपण जाणतो.

2022 साली रॉलीच्या नगर परिषदेने शहरहद्दीत घातक वन्य प्राणी नव्याने पाळायला मनाई करणारा नियम केला. ज्यांच्याकडे ते आधीपासून होते त्यांच्यासाठी नोंदणीची वाट ठेवली. नोंदणी आली, हे माझ्या दृष्टीने मनाईपेक्षाही मोठं पाऊल. मात्र तो नियम शहराच्या हद्दीपुरता आहे.

महाराष्ट्रात हे प्रकरण जसंच्या तसं घडणार नाही असं कुणी म्हणेल. नाग, घोणस, धामण हे आपले साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, ते पाळताच येत नाहीत. सर्पमित्राने पकडलेला साप बरणीत घालून घरी ठेवायचा नसतो, लवकरात लवकर योग्य जागी सोडायचा असतो. बेकायदा ठेवलेल्या बरण्या असतातच, तो निराळा विषय. पण निदान आपल्या सापांबाबत एक आधार आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष, म्हणजे एएसव्ही, तालुक्याच्या रुग्णालयात मिळण्याची सोय असते.

परदेशी सापांबाबत तो आधार नाही. जून 2025 च्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून इंडोनेशियातले 44 पिट व्हायपर आणि शेपटीच्या टोकावर कोळ्यासारखा आकार असलेले तीन हॉर्न्ड व्हायपर जप्त केले. यातला शेवटचा साप इराणच्या डोंगराळ भागातला. हे सगळे विषारी आणि सगळे बॅगेत. अशी बॅग मागणी असल्याशिवाय कुणी भरत नाही. ही मागणी करणारी माणसं मुंबईत, पुण्यात किंवा आणखी कुठे, कुणाच्या तरी शेजारी राहतात. पिट व्हायपरवर आपलं एएसव्ही बनवलेलंच नाही. आपल्याच कोकणातल्या चापडा या पिट व्हायपरवरही नाही. इराणच्या सापाची तर गोष्टच सोडा.

वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम 2024 मध्ये आले. केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर प्राणी, त्याची जात, तो कुणाकडे आहे हे नोंदवायचं. हे नियम वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या (साइटीस) परिशिष्टांवर बेतलेले आहेत, म्हणजे त्यांची काळजी आहे ती प्राण्याच्या व्यापाराची. आफ्रिकेतले पुष्कळ विषारी साप त्या परिशिष्टांत नाहीतच. शेजाऱ्याला तो साप चावला तर काय, हा प्रश्न या नियमांचा नाही. तो त्यात यावा असं मला वाटतं. नोंदणी करताना दोन गोष्टी सक्तीने विचाराव्यात: या जातीवरचं प्रतिविष भारतात नेमकं कुठे आहे, आणि साप निसटला तर पहिल्या तासात कोणत्या वन परिक्षेत्र कार्यालयाला फोन करणार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘कुठेही नाही’ असेल, तर तो साप माणसाच्या घरात ठेवायला परवानगी मिळू नये. मालक कितीही जाणकार असो, त्याचं सापावर कितीही प्रेम असो.